तायडे बाईंचे गुरुवार

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याशीच भांडत होते. म्हणजे मनातल्या मनात. रविवारी फोनवर तिनं मला ऐकवलं होतं की, "विजू, तुझ्या उपम्यात रव्याशिवाय काही नसतं," आणि मंगळवारी सकाळी गॅसपाशी उभी राहून मी त्याला चांगलं सणसणीत उत्तर तयार करत होते. वाटाणे घातले होते, गाजर किसलं होतं, वर मूठभर शेंगदाणे... तेवढ्यात फोन वाजला. तिची मुलगी संघमित्रा होती. "मावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच." मी काय विचारावं? मी विचारलं, "रात्री काही खाल्लं होतं का गं तिनं?" सत्तरीला आलेल्या बाईनं अशा वेळी विचारायचा प्रश्न आहे का हा? पण संघमित्राला त्याचं काहीच वाटलं नाही. "दूधभाकरी," ती म्हणाली. "वाटीभर. सगळी संपवली." मग आम्ही दोघी रडलो. त्याला आता दीड महिना होत आला. ते उत्तर अजून माझ्यापाशीच पडून आहे.

घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मुलींच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. ती विज्ञान, मी गणित. गिरण्या बंद पडल्या त्यानंतरची ती दोन-तीन वर्षं होती. वर्गातल्या निम्म्या मुली माझ्यासारख्या कोकणातल्या, बाप गिरणीत असलेल्या, म्हणजे आता घरी बसलेल्या. बाकीच्यांत बऱ्याचजणी वऱ्हाड-मराठवाड्याकडून आलेल्या बौद्ध घरांतल्या. कमल तायडे त्यांच्यापैकीच, अकोल्याकडची. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायची आणि चिडली की सरळ गावाकडं जायची, "काऊन वं, समजत नाही का तुले?" वर्ग गपगार व्हायचा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. साडीला इतकी खळ की साडी आधी वर्गात शिरायची, मागून मी. अंबाडा असा घट्ट की भुवया कायम आश्चर्यचकित. दोन गोष्टींवर माझा अढळ विश्वास होता. एक, गणित न येणारी मुलगी आळशी असते. आणि दोन, उपास केल्यानं बुद्धी स्थिर होते. माझी स्वतःची बी.एस्सी. मी गुरुवारांच्या जोरावर पास झाले होते, असं मी सगळ्यांना सांगत असे. त्या गुरुवारी मी काय काय खात असे, ते मात्र सांगत नसे. सकाळी दूध-केळं, दुपारी साबुदाण्याची खिचडी, त्यावर दही, चारला बटाट्याचा चिवडा आणि संध्याकाळी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. रोजच्या दीडपट जेवण देवाच्या नावानं पोटात जायचं आणि बुद्धी खरोखर स्थिर व्हायची. सुस्तावून.

कमलचं सगळं वेगळं. तिला एक सवय होती. मुलीला जवळ बोलवायची, अंगठ्यानं तिची खालची पापणी हलकेच ओढायची आणि आतला रंग बघायची. तिथं लाली हवी. आमच्या बहुतेक मुलींचा रंग ताकासारखा. मग तिचं स्टाफरूममध्ये सुरू व्हायचं. ही वयाची वर्षं म्हणजे अंगात बांधकाम काढल्यासारखी असतात, हाडं वाढतायत, रक्त दर महिन्याला जातंय आणि तेवढं पुन्हा करायचंय, आणि सामान काय पुरवतोय आपण, तर चहा आणि बटर. पोट रिकामं असलं की सगळ्यात आधी डोकं दुकान बंद करतं, असं ती म्हणायची. मी वह्या तपासता तपासता म्हणायचे, "कमल, तू डॉक्टर का नाही झालीस?" ती म्हणायची, "तू तरी कुठं गणितज्ञ झालीस?"

त्या वर्षी दहावीत रेखा नावाची मुलगी होती. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. "नाव बदलू नका, बाई," असं तिनंच बजावलं.) डोंगरावरच्या वस्तीत राहायची, मूळची देवगडकडची. वडील गिरणीतून घरी बसलेले, आई धुण्याभांड्याला जाणारी, पाठची एक बहीण आमच्याच शाळेत सातवीत आणि दोन लहान भाऊ. शांत, सडपातळ, वेण्या घट्ट. सोमवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातले तीन उपास करायची. मला हे समजलं तेव्हा मी अगदी भारावून गेले. माझा तर एकच गुरुवार, तोही दीडपट. दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गात उभं केलं आणि सांगितलं, "बघा हिच्याकडे. दहावीचं वर्ष, अभ्यासाचा एवढा ताण, तरी तीन-तीन उपास. याला म्हणतात मनाचा निग्रह. टाळ्या वाजवा हिच्यासाठी." सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. रेखा खाली बघत उभी होती. मला वाटलं, केवढा विनय.

दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये कमल माझ्यासमोर येऊन बसली. "ती रेखा उपास का करते गं?"

"का म्हणजे? श्रद्धा."

"श्रद्धा तर तुझीही आहे. तू मधल्या सुट्टीत खिचडी खातेस. ती नळाला तोंड लावून पाणी पिते. किती पाणी पिते, बघितलंस कधी?"

"कडक उपास असेल तिचा."

"पंधरा वर्षांच्या पोरीचा?"

यावर मी जे बोलले ते लिहिताना हात थांबतो, पण वगळलं तर हा सगळा लेखच खोटा होईल. मी म्हटलं, "तुम्हा लोकांना नाही कळायचं ते." एवढंच. कमलनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे डब्याचं झाकण लावलं आणि ती तासाला निघून गेली. जाताना फक्त म्हणाली, "तू रोज दहा मिनिटांची चाचणी घेतेस ना? रेखाचे कागद एकदा वार बघून लाव." मी अर्थातच लावले नाहीत. मला वाटलं, हिला आता माझ्या गणितातही नाक खुपसायचंय.

आणि पुढच्या सोमवारी नवल घडलं. तायडे बाईंनी उपास धरला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं तिनं, सोमवार, गुरुवार, शनिवार, मार्चपर्यंत. जिनं आयुष्यात एक उपास केला नाही, जिच्या घरात देव्हारा नाही, जिच्या सासऱ्यांनी घरातले देव सोडताना गावाशी उभं भांडण घेतलं होतं, ती कमल. माझी छाती अशी काही फुगली म्हणता. शिपाईमावशींपासून मोठ्या बाईंपर्यंत मी सगळ्यांना सांगून आले की, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. शेवटी ज्याला त्याला पटतंच. तिला तोंडावर विचारलं, "काय तायडे बाई, आठवला का देव?" ती म्हणाली, "आठवला बाई, तुझ्या कृपेनं." आणि तोंडावर एक रेषसुद्धा हलली नाही. आता आठवलं की वाटतं, काळाच्या त्या टोकाला जाऊन त्या खळवाल्या साडीतल्या बाईच्या अंबाड्याला एक हिसडा द्यावा.

कमल उपासाच्या दिवशी भला मोठा चारपुडी डबा आणायची. म्हणायची, एकटीनं उपास करायला कंटाळा येतो, ज्या मुलींचा उपास असेल त्यांनी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत माझ्याबरोबर बसायचं, उपासाच्या बायका एकत्र बसतात. रेखा जायला लागली, तिची धाकटी बहीण, आणखी दोघी. दार आतून लोटलेलं असायचं. असे दोन महिने गेले. एका गुरुवारी मला वाटलं, आपणही उपासाच्याच, आपणही जाऊन बसावं, तेवढंच कमलला प्रोत्साहन. खिचडीचा डबा घेऊन मी गेले आणि दार ढकललं. दगडी टेबलाभोवती चौघी मुली आणि मध्ये कमल. समोर ज्वारीच्या भाकऱ्या, लसूण घातलेली मेथीची भाजी आणि प्रत्येकीपुढे सोललेलं उकडलेलं अंडं. गुरुवारी. माझ्या हातातला डबा कलंडला. मी म्हटलं, "कमल, मुलींचा उपास मोडलास तू?"

रेखाचा घास हातातच राहिला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि तिनं ते अंडं हळूच भाकरीखाली सरकवलं... ते सरकवणं मी अजून विसरलेले नाही. कमल मुलींना म्हणाली, "जेवा गं तुम्ही. सामंत बाईंना उपासाचे माझे नियम माहीत नाहीत." आणि माझा दंड धरून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली. तिथं, चप्पल-बुटांच्या रांगेपाशी, तिनं मला सांगितलं. रेखाच्या घरात भात पुरत नव्हता. आईनं वाटणी केली होती. तीन दिवस दोघी बहिणींनी खायचं नाही, कारण भाऊ लहान, त्यांना भूक सोसत नाही. पोरींना लाज वाटू नये म्हणून त्या तीन दिवसांना आईनंच देवांची नावं दिली होती. कमलच्या लक्षात आलं ते दोघी बहिणींचे वार एकच आहेत यावरून. उरलेलं धाकटीनं सांगून टाकलं. कमलनं आधी दोनदा नुसता डबा पुढे केला होता. रेखानं दोन्ही वेळा परत केला, "उपास आहे, बाई." कोणाकडून खायचं नाही, हे तिचं एकच शस्त्र होतं, आणि मी त्याला भर वर्गात टाळ्या मिळवून दिल्या होत्या. आता तर ती ते खाली ठेवूच शकत नव्हती.

"म्हणून तू स्वतः..." मी म्हटलं.

"मग काय करू? तिला उपासातून बाहेर काढता येईना. मग मीच आत जाऊन बसले." सुरुवातीला तिनं दाण्याचे लाडू नेले, राजगिरा, रताळं, खजूर, दूध; उपासाला चालेल तेच. महिन्याभरानं एके दिवशी भाकरी काढली आणि म्हणाली, माझा उपास मी लावलाय, नियमही माझेच. कोणी काही विचारलं नाही. मी म्हटलं, "तुला कसं गं लक्षात आलं हे सगळं?" ती कठड्याला टेकली. "आमच्याकडे उपास नव्हते ना. माझी आई म्हणायची, आज पोट दुखतंय, तुम्ही जेवा. आठवड्यातून तीनदा दुखायचं तिचं पोट."

मी माफी मागायला लागले. 'तुम्हा लोकांना'बद्दल, टाळ्यांबद्दल, सगळ्याबद्दल एकदम. तिनं ऐकून घेतलं. "माफीचं नंतर बघू. तुमच्या कोकणात कुळथाची पिठी करतात ना? लोह असतं त्यात. शनिवारी आण." आणि थोडं थांबून म्हणाली, "आणि स्टाफरूममध्ये मला देव आठवला म्हणून जे सांगत सुटलीयस, ते तसंच सांगत राहा. बरं चाललंय ते."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी रेखाच्या चाचण्यांचे कागद पलंगावर वारांप्रमाणे लावले. सहा ढीग. मंगळवार, बुधवार, शुक्रवारचे कागद स्वच्छ, पायऱ्या जिथल्या तिथे. जुलै-ऑगस्टमधले सोमवार, गुरुवार, शनिवारचे मात्र... पहिलं उदाहरण बरोबर, दुसरं अर्ध्यावर सोडलेलं, तिसऱ्याचा नुसता प्रश्न उतरवलेला आणि अक्षर उतरणीला लागलेलं. त्यावर माझी लाल शाई. 'लक्ष कुठे आहे?' 'निष्काळजीपणा.' एका गुरुवारी तर मी लिहिलं होतं, 'झोपेत सोडवलेस का?' आणि सप्टेंबरनंतर, म्हणजे प्रयोगशाळेचं दार आतून लोटलं जायला लागलं तेव्हापासून, ते तीन ढीग हळूहळू बाकीच्या तिघांसारखे दिसायला लागले होते. हातात इतका सरळ पुरावा होता आणि गणिताच्या बाईंना तो दिसला नव्हता. माझे यजमान म्हणाले, "जेवायचं नाही का आज? उपास सोडायचा ना?" मी त्या दिवशी उपास सोडला तो कायमचा.

मी रुजू झाले त्यांच्यात. माझी पहिली पिठी इतकी पातळ झाली की कमल म्हणाली, "ही प्यायची की हिनं हात धुवायचे?" मुली पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. कमलच्या घरी मात्र महाभारत चाललं होतं. सुनेनं उपास धरले म्हणून तिच्या सासूबाईंनी बोलणं टाकलं होतं. ज्यासाठी आपल्या नवऱ्यानं गाव अंगावर घेतलं, ते सगळं हिनं परत घरात आणलं, या दुःखानं म्हातारी तिच्या हातचा चहा घेत नव्हती. मी म्हटलं, "अगं, खरं सांगून टाक ना त्यांना." कमल म्हणाली, "आमच्या वस्तीत सांगितलं की संध्याकाळपर्यंत शाळेत येईल. मग ती रेखाची गोष्ट राहणार नाही." दोन अडीच महिने ती त्या अबोल्यात राहिली, घरातलं आणि शाळेतलं सगळं करत. शेवटी म्हातारीनंच एका सकाळी डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "काऊन वं कमले, उपासाले अंडे कधीपासून चालाले लागले?" कमलनं झाकण परत लावलं. म्हातारीनं काय ओळखायचं ते ओळखलं. दुसऱ्या उपासाच्या दिवशी डब्यात दोन अंडी जास्त होती आणि ओट्यावर चहाचा कप रिकामा होता.

जूनमध्ये निकाल लागला. रेखा पहिल्या वर्गात पास झाली. गणितात तिला जे गुण मिळाले ते माझ्या स्वतःच्या मॅट्रिकच्या गुणांपेक्षा जास्त होते. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगते. तिची आई शाळेत आली, नारळ घेऊन. आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या होतो. ती नारळ कमलच्या हातात देत म्हणाली, "बाई, माज्या चेडवाचे उपास पावले गो." देवाधर्माच्या गोष्टीवर मोठ्या बाईंशीही वाद घालणारी कमल, ती आता काय बोलेल... कमलनं तो नारळ दोन्ही हातांनी घेतला. "हो," म्हणाली. "चांगले पावले." त्या बाईनं डोळे पुसले आणि पाठ ताठ करून गेटबाहेर गेली. मला आयुष्यात अनेक माणसांचा अभिमान वाटला, मुलांचा, नातवंडांचा. पण त्या दुपारी त्या 'हो'चा जो वाटला, त्याच्या जवळपास काही जात नाही.

मुलुंडच्या बुद्धविहारात कमलच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बरीच माणसं बोलली. शिस्त, वक्तशीरपणा, नेहमीचं. मग पांढऱ्या साडीतली पन्नाशी उलटलेली एक बाई उठली. रेखा. ती आता एका रक्तपेढीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवसभर लोकांच्या रक्तातलं लोह बघते. माईक हातात घेऊन म्हणाली, "दहावीत मी उपास करते असं सगळ्यांना माहीत होतं. मी उपास करत नव्हते. घरात जेवण नव्हतं. तायडे बाईंनी ते कोणाला कळू दिलं नाही, माझ्यासाठी स्वतः खोटा उपास धरला आणि वर्षभर मला जेवू घातलं." एवढंच बोलून ती बसली. पहिल्या रांगेत संघमित्रानं माझा हात घट्ट धरला. आजी आणि आई एका वर्षी एकमेकींशी का बोलत नव्हत्या, हे तिला तेव्हा समजलं होतं. घरातल्या घरातही कमलनं ते कधी उघडलं नव्हतं.

नंतर पायरीवर मी रेखाला गाठलं. चाळीस वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले. "मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या." मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे बाई, विसरा. ती जरा विचार करून म्हणाली, "मला त्या आवडल्या होत्या, बाई. भूक लागली म्हणून कोणी कौतुक केलंय, असं परत कधी झालं नाही." मग हसली. "पण पोट नाही भरलं त्यानं."

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी शाळेत गेलो. प्रयोगशाळेला आता रंग दिलाय, भिंतीला मोठा पडदा लावलाय, पण दगडी टेबल तेच, आम्लाच्या डागांसकट. रेखानं घरून डबा आणला होता. ती सवयीनं एका स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या थांबली. "मी इथंच बसायचे," म्हणाली, "दाराकडे पाठ करून. कोणी आलं तर खाताना दिसू नये म्हणून." मधली सुट्टी झाली होती, व्हरांड्यात मुलींचा गलका चालला होता. ती उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, दार सताड उघडलेलं बघून तिथंच, दाराकडे तोंड करून बसली, आणि डबा उघडून पहिली भाकरी मोडली. मीही तिच्या शेजारी सरकले. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली आत डोकावून बघत होत्या, आणि आम्ही दोघी जेवत होतो.